गुळवेलीच्या चूर्णाचे छायाचित्र : फिल्टर व कॅमेऱ्याची शिस्त

उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांत, कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या रानांत गुळवेल आढळते. ओली वेल ओळखणे वैद्यास कठीण नाही. परंतु चूर्ण झाले की पान, साल, पीळ ही सर्व लक्षणे लोपतात. 2021 मध्ये मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीशी जोडला गेला, तेव्हा सेवन केलेल्या द्रव्याची ओळखच तपासली गेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. अशा प्रसंगी औषधनिर्मात्याजवळ परीक्षणाची विश्वसनीय नोंद असणे अगत्याचे ठरते.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक या कामी साहाय्यभूत होतो. 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात वाहिन्या व तंतूंतील लिग्निन निळसर दिसते. 450 ते 490 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात बर्बेरीन गटातील अल्कलॉइड पिवळे-हिरवे, तर उरलेले हरितद्रव्य लाल चमकते. मात्र 515 ते 565 नॅनोमीटर एवढाच पट्टा सोडणारा फिल्टर लावल्यास तो लाल रंग अडतो. म्हणून प्रथम 515 नॅनोमीटरपुढील सर्व प्रकाश सोडणारा फिल्टर वापरावा आणि प्रत्येक चित्राखाली फिल्टरची नोंद करावी.

खरी गफलत कॅमेऱ्यात होते. एक्स्पोजर स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा मंद नमुनाही उजळवितो. मग अस्सल व संशयित चूर्ण सारखेच भासते. यास्तव एक्स्पोजर, गेन व व्हाइट बॅलन्स हे तिन्ही हाताने स्थिर करावेत. गेन कमी ठेवून, खात्रीच्या नमुन्याचा सर्वांत तेजस्वी भागही पांढरा फटक पडणार नाही इतका एक्स्पोजर ठरवावा आणि त्याच मापांनी संशयित नमुना टिपावा. केवळ माध्यम असलेल्या काचपट्टीचेही एक चित्र घ्यावे. प्रखर प्रकाशाने चमक विरत जाते. म्हणून जागा साध्या प्रकाशात शोधून नंतरच झडप उघडावी.

एक मर्यादा ध्यानी असावी. टिनोस्पोरा क्रिस्पा या सजातीय वेलीतही त्याच गटातील अल्कलॉइड असतात. तेव्हा पिवळी चमक दिसली म्हणजे गुळवेल सिद्ध झाली, असे नव्हे. पेशीरचना व रासायनिक परीक्षण यांची जोड हवीच.

रानातून माल आणणाऱ्या ठाकूर-कातकरी बंधुभगिनींकडून प्रत्येक खेपेस पानासह ओली वेल मागून घ्यावी व स्वतः ओळखून तिचेच चूर्ण संदर्भासाठी जपावे. खात्रीचा नमुना शेजारी नसेल, तर उत्तम कॅमेऱ्याचे चित्रही केवळ शोभेचे ठरते.