हरभऱ्याचा वाण बदलला, बियाण्याचे माप बदलले का?



खोडवा मोडला, त्या रानात सोयाबीन झाले, आता आडसाली लागणीपर्यंत रान मोकळे. अशा रानाला हरभऱ्यासारखा बेवड नाही. मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पाला रानातच पडतो आणि घरची डाळ होते ती वेगळीच. म्हणून दसरा झाला की गट ऑफिसात एकच प्रश्न येतो, "साहेब, एकरी बी किती टाकू?"

आम्हीही बरीच वर्षे एकच उत्तर देत आलो, सत्तावीस किलो. हे माप खोटे नव्हे, पण ते 'विजय' वाणाचे. एका जुन्या सभासदाने 'विशाल' आणला, तेव्हाही आम्ही सवयीने चिठ्ठीवर २७ लिहून दिले. महिन्याने आबांनी आम्हाला बांधावर बोलावले. ओळीत जागोजागी वीत-वीत रान उघडे. "साहेब, बी चांगलं होतं, मग गेलं कुठं?" आम्हाला उत्तर सुचेना.

घरी येऊन दोन्ही वाणांचे शंभर-शंभर दाणे मोजून काट्यावर घातले. विजयचे वीस ग्रॅमच्या आसपास, विशालचे जवळजवळ तीस. तेव्हा उलगडा झाला. बियाणे आपण किलोवर घेतो, पण रानात उगवतो तो दाणा. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरात सुमारे १ लाख ३४ हजार रोपे बसतात. विजयचे २७ किलो तेवढे दाणे भरतात. विशालचे २७ किलो म्हणजे फक्त ९० हजार. तिसरा हिस्सा रान तणाला दिले!

हरभरा विरळ झाला तर फांद्या काढून जागा भरतो हे खरे, पण त्यालाही मर्यादा आहे. उघड्या रानातली ओल उडते आणि तण माजते.

दुसऱ्या वर्षी नेमके उलटे झाले. ही गोष्ट ऐकून आबांच्या भावकीतल्या एकाने विजयचेच ४० किलो पेरले. दोन लाख रोपे झाली. वर पाणीही सढळ दिले. पीक नुसतेच वाढले, लोळले, घाटे मात्र मोजकेच. दाटीत वारा खेळत नाही, घाटेअळीला आडोसा मिळतो आणि फवारा आत पोचत नाही.

यावर सोपा हिशेब सांगतो. शंभर दाणे वजन करा. जितके ग्रॅम भरतील, त्यात त्यांचा तिसरा हिस्सा मिळवा. तेवढे किलो एकरी बियाणे. वीस ग्रॅमला सत्तावीस, तीस ग्रॅमला चाळीस. तेच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. पंच्याऐंशीपेक्षा कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा.

आणखी एक. सोयाबीनला ४५ सेंटिमीटरवर लावलेले पेरणी यंत्र तसेच हरभऱ्याला घालू नका. बियाणे तेवढेच पडते, पण ओळीत दाटी होते आणि दोन ओळींत रान रिकामे राहते. फण ३० सेंटिमीटरवर आणूनच पेरा. बागायतीत ९० सेंटिमीटरच्या सऱ्या सोडून वरंब्याच्या दोन्ही बगलांना १० सेंटिमीटरवर टोकण केली तर उत्तम. यंत्राने काढणी करायची असेल, तर 'फुले विक्रम'सारखा उंच, उभट वाण घ्या. पसरट वाणाचे खालचे घाटे यंत्राला सापडत नाहीत. पेरणीपूर्वी मर रोगासाठी किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायला विसरू नका.

आबांचे त्या सालचे नुकसान आम्हाला भरून देता आले नाही. निदान तीच चूक दुसऱ्या सभासदाच्या रानात होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले. पेरणीआधी पिशवीतले शंभर दाणे मोजा. मोजायला जमत नसेल, तर पिशवी घेऊन गट ऑफिसात या, काटा आम्ही ठेवलाच आहे.