आज माझा फास्ट आहे!

सांताक्रूझ स्टेशनवर सकाळी पावणेनऊला तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर हे दृश्य ओळखीचे असेल. शेजारच्या रुळावरून फास्ट लोकल धाडधाड निघून जाते. जाताना वर्तमानपत्रांची पाने आणि बायकांच्या ओढण्या उडवून जाते. आपण मात्र स्लोची वाट पाहत उभे! अंधेरी सोडली की बहुतेक फास्ट गाड्या एकदम वांद्र्यालाच दम घेतात. पार्ले, सांताक्रूझ आणि खार ही मधली तीन भावंडे त्यांच्या खिजगणतीतही नसतात.

त्यामुळे सांताक्रूझच्या घरांतून ‘फास्ट’ हा शब्द मुलांना लहानपणीच शिकवला जातो, तो बहुधा नकारासकट. ‘दादरला फास्टमध्ये चढू नकोस हं, थेट अंधेरीला जाशील!’ वास्तविक फास्ट लोकल ही काही वेगळ्या जातीची गाडी नव्हे. डबे तेच, मोटरमनही तोच. ती फक्त कमी ठिकाणी थांबते, एवढेच तिचे जलदपण. पण हा शब्द आमच्याकडे गाडीपुरता राहिलेला नाही. घड्याळ पाच मिनिटे फास्ट असते, गोलंदाज फास्ट असतो आणि टोलनाक्यावर गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो.

स्टेशनच्या पश्चिमेला कपड्यांच्या दुकानात शिरा. ‘रंग फास्ट आहे ना?’ असे एखाद्या ताईंनी विचारले, की दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, ‘एकदम फास्ट, धुऊन बघा, जाणार नाही.’ आता बघा, डोळ्यांदेखत निघून जाते ती फास्ट आणि कितीही धुतला तरी जात नाही तोही फास्ट!

लेडीज डब्यात तिसरीच गंमत. एक मैत्रीण डबा उघडून म्हणते, ‘घे ना थालीपीठ.’ दुसरी म्हणते, ‘नको गं, आज माझा फास्ट आहे.’ तिसरी धापा टाकत चढते, ‘माझी फास्ट चुकली!’ तरीही कुणाचा गोंधळ होत नाही, कारण मराठीने आपल्या स्वभावाप्रमाणे या पाहुण्या शब्दाला लिंग देऊन टाकले आहे. गाडी म्हणून ‘ती’ फास्ट आणि उपास म्हणून ‘तो’ फास्ट. व्याकरणाचे पुस्तक न उघडता बायकांनी डब्यातल्या डब्यात लावलेला हा नियम आहे.

पण प्रत्येक वेळी असा नियम मदतीला येतोच असे नाही. हे आमच्या घराला जरा महागात पडून कळले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा सत्तरीला आली होती आणि तिला मधुमेह होता. ‘फास्टिंग शुगर करून घ्या,’ असे डॉक्टरांनी सांगितले. आईने पंचांग पाहिले आणि मुद्दाम संकष्टी चतुर्थीचा दिवस निवडला. फास्टच करायचा तर तो चतुर्थीला आपसूकच होतो, वेगळा दिवस कशाला मोडा, असा तिचा हिशेब. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि कपभर चहा घेऊन ती तपासणीला गेली. तिथल्या मुलाने विचारले, ‘आजी, फास्टिंग ना?’ आई ठामपणे म्हणाली, ‘हो तर! आज संकष्टी आहे.’ तो मुलगाही घाईत असावा. त्याने चिठ्ठीवर खूण केली आणि रक्त काढून घेतले.

आकडा दोनशेच्या वर आला. डॉक्टरांनी साहजिकच गोळीचा डोस वाढवला. सातव्या दिवशी एकादशी आली. आईने नेमाने वाढीव गोळी घेतली, त्यावर अर्धा कप दूध घेतले आणि ती बाजारात निघाली. स्टेशनच्या पुलावर तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पायरीवरच बसली. शेजारून जाणाऱ्या एका मुलीने पर्समधली बिस्किटे पुढे केली. तर आई त्या अवस्थेतही म्हणते काय, ‘बिस्किट उपासाला चालत नाही गं!’ त्या मुलीने वाद घातला नाही. ती धावत खाली गेली आणि उसाचा रस घेऊन आली. रस उपासाला चालतो. तो पोटात गेला आणि दहा-पंधरा मिनिटांत आई सावरली.

संध्याकाळी डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले, ‘तपासणीच्या दिवशी काय खाल्लं होतं?’

‘काही नाही हो, उपासच होता. नुसती वाटीभर खिचडी!’

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. ‘फास्टिंग’ म्हणजे निदान आठ तास साध्या पाण्याखेरीज पोटात काहीही नको, हे त्या दिवशी आम्हाला कळले. चूक आईची म्हणावी, तर तिने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. तिला विचारलेल्या इंग्रजी प्रश्नाचे तिने मराठीत अगदी खरे उत्तर दिले होते.

आणि हे केवळ तिच्याच बाबतीत होईल असे थोडेच आहे? सांताक्रूझ हे नाव पोर्तुगीज, त्याचा अर्थ पवित्र क्रूस. इथल्या कॅथलिक कुटुंबांत गुड फ्रायडेला उपवास असतो, त्यात एक पूर्ण जेवण चालते. मुसलमान शेजाऱ्याच्या रोजाला पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. जैन शेजारणीच्या उपवासाला फक्त उकळलेले पाणी आणि तेही दिवस मावळेपर्यंत. आमच्याकडे मात्र ‘एकादशी, दुप्पट खाशी’. इंग्रजीत बोलताना चौघेही म्हणतात, ‘आज माझा फास्ट आहे!’ तपासणीच्या चिठ्ठीला यातला कुठला फास्ट हवा हे कसे कळावे?

मग कुतूहलाने शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का. खुंट्याला आवळून बांधलेला दोर फास्ट. गाढ लागलेली झोपही फास्ट. न जाणारा रंग फास्ट तो याच अर्थाने. उपासाचा फास्टही याच मुळाचा. नेम घट्ट धरून ठेवणे, त्यापासून न हलणे, म्हणजे फास्ट. मग वेग कुठून आला? नेटाने, जोर लावून धावणे या अर्थाने तो मागाहून आला. आपण नाही का मुलाला ‘जोरात पळ’ म्हणत? जोर म्हणजे खरे तर ताकद, पण मुलगा वेग वाढवतो!

महात्मा गांधींनी २० सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात अन्न सोडले. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभले. इंग्रजीत या दोन्हींना फास्टच म्हणतात. तिथे पोट रिकामे ठेवण्यापेक्षा घट्ट धरलेला निश्चय मोठा होता. आणि आपला ‘उपवास’? उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे. इंग्रजाचे धरून राहणे आणि आपले जवळ राहणे. दोन्ही शब्दांत जेवणाचा उल्लेखही नाही!

याच शब्दकोशात आम्हाला हवी असलेली किल्लीही सापडली. ब्रेकफास्ट! रात्रभराचा फास्ट सकाळी मोडायचा, म्हणजे आपल्या भाषेत पारणे फेडायचे. तपासणीला हवा असतो तो हाच फास्ट, रात्रीच्या जेवणानंतरचा आणि सकाळच्या पहिल्या घोटाआधीचा. आईला कुणी ‘फास्टिंग आहे का’ ऐवजी ‘सकाळपासून पोटात काही गेलं का?’ असे विचारले असते, तर तिने खिचडीची वाटी नक्की सांगितली असती.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झाले. तपासणीला जाताना ‘रात्री नऊनंतर काही खाल्लेलं नाही’ असे घड्याळासकट मराठीत सांगायचे. उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारायचे. ‘उपास सोडा’ असे डॉक्टर म्हणाले नाहीत. चतुर्थी-एकादशीला काय आणि किती वेळाने खायचे, हे त्यांनी आईशी बसून ठरवले. तिने तेही नेमाने पाळले.

त्यानंतरच्या खेपेला आम्ही दोघे पहाटे उपाशीपोटी तपासणीला निघालो. काउंटरवरच्या मुलीने विचारले, ‘फास्टिंग?’ आईने माझ्याकडे पाहिले, पिशवीतला डबा हलवून दाखवला आणि म्हणाली, ‘हो. आणि आज चतुर्थी नाही, बरं का. डब्यात पोहे आहेत. तुझं झालं की खाईन.’