मोटारीचा रंग आणि अजिंठ्याची लाख

जुनी मोटार नव्याने सजवून घेतलेले एखादे गृहस्थ आपल्या परिचयाचे असतील, तर त्यांचा एक स्वभाव आपल्याही ध्यानात आला असेल. गाडी रंगवून आली, की दोन महिने ते तिला कोणाला हात लावू देत नाहीत. आणि मग एके दिवशी स्वतःच पॉलिशचा डबा घेऊन तिच्यामागे लागतात. माझ्या एका स्नेह्यांची जुनी फियाट आहे. बॉनेटवरची चकाकी उतरली म्हणून ते घासायला निघाले, तेव्हा एका वयस्क रंगाऱ्याने त्यांचा हात धरला. "साहेब, आधी रंग कोणता ते बघू द्या," असे म्हणून त्याने कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडविला आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जेथे सहसा कोणाची दृष्टी जात नाही तेथे, हळूच टेकविला.

ही परीक्षा साधी आहे, पण तिच्यात शास्त्र आहे. रंग जुन्या सेल्युलोज जातीचा असेल तर तो थिनरमध्ये विरघळतो आणि बोळ्यावर उतरतो. आपल्याकडे ज्याला आजही 'ड्यूको' म्हणतात तो या जातीचा. मुळात हे एका अमेरिकन कंपनीच्या १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या रंगाचे नाव. इनॅमल असेल तर ते चटकन विरघळत नाही, मऊ पडते, कधी सुरकुतते. आणि अलीकडचा, दोन द्रव्ये मिसळून कडक केलेला रंग असेल, तर तो थिनरला दाद देत नाही. दुसरी परीक्षा पांढऱ्या फडक्याची. पॉलिश लावून घासताच फडक्यावर गाडीचा रंग आला, तर वर दुसरा थर नाही असे समजावे. फडके पांढरेच राहिले तर आपण घासतो आहोत तो रंग नव्हे, रंगावरचा पारदर्शक थर. चंदेरी कण मिसळलेल्या रंगाच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. वरचा थर घासून गेला आणि कण उघडे पडले, की डाग पडलाच म्हणून समजा.

मी मोटारींचा जाणकार नव्हे, इतिहास शिकविणारा माणूस. पण तो बोळा पाहिला आणि मला अजिंठा आठवला. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या त्या लेण्यांतील भिंतींवरही असाच एक परका थर आहे, आणि तो ओळखून उतरविण्याचे काम मोटारीपेक्षा कितीतरी कठीण आहे.

तेथे मुळात काय आहे ते आधी पाहू. खडबडीत कातळावर माती, वाळू, तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा. त्यावर पातळ पांढरा हात. आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग. ओल्या चुन्यावर रंगवावयाची जी युरोपीय रीत, ती ही नव्हे. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा; निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या राजावर्त दगडाचा. अशा रंगाला काचेसारखी चकाकी नसते. आणि पाण्याशी त्याचे मुळीच जमत नाही, कारण त्याला धरून ठेवणारे द्रव्य पाण्यानेच सुटते.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि तेथील खांबावरील चित्रावर त्याने आपले नाव कोरले. पुढे नकला करणारे आले. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तेथे काम करीत होते. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. म्हणजे पाहा, भिंतीला काही झाले तर तिची उणीव भरून काढणारी पुरी नक्कल कोठेही नाही. आणि याच नकला करताना रंग ठसठशीत दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश लावले गेले होते!

त्यानंतर हैदराबादच्या निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलाविले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात काम केले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचे उपकार विसरून चालणार नाही. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचा लेप दिला. लाख म्हणजे आपल्याच पळस-कुसुंबाच्या झाडांवरच्या किड्यांची. स्पिरिटमध्ये विरघळवून लावली, की पहिल्या दिवशी रंग काय खुलतात! सुतार खुर्चीला पॉलिश करतो ते हेच. पण खुर्चीची लाख पुन्हा काढता येते. भिंतीवरची लाख वर्षानुवर्षांत तपकिरी झाली, निळे हिरवट आणि पांढरे पिवळट दिसू लागले. शिवाय ती आकसते, आणि आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढते. तिच्यावर काजळी, धूळ आणि वटवाघळांची घाण बसली ती वेगळीच.

आता ही लाख काढावयाची कशी? येथे रंगाऱ्याच्या बोळ्याचेच तत्त्व उपयोगी पडते. ताजी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, डिंक विरघळत नाही. तेव्हा वरचे जावे आणि खालचे राहावे, असा मार्ग निदान कागदावर तरी दिसतो. अडचण अशी, की जुनी लाख आपला स्वभाव बदलते. ती स्पिरिटला पूर्वीसारखी वश होत नाही. जास्त तीव्र द्रव वापरावा तर खालच्या रंगाची भीती, पाणी वापरावे तर मातीचा गिलावा फुगण्याची. म्हणून अतिनील प्रकाशात आधी तपासावे लागते. त्यात लाख नारिंगी झळकते आणि ती कोठे दाट, कोठे विरळ हे कळते. मग नखाएवढ्या जागेवर प्रयोग, मग पुढची जागा. पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेतील राजदेव सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून नवव्या आणि दहाव्या लेण्यांत हे काम केले आणि काळ्या पडलेल्या भागांतून दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे पुन्हा दिसू लागली.

मग उरलेली सगळी भिंत एकदम का स्वच्छ करीत नाहीत, असे विद्यार्थी मला विचारतात. कारण काही ठिकाणी सुटलेला पापुद्रा त्या लाखेनेच धरून ठेवला आहे. तेथे आधी पापुद्रा चिकटवावा लागतो, लाखेचा विचार नंतर.

आपण अजिंठ्याला जाल तेव्हा चित्रासमोर उभे न राहता थोडे बाजूला सरका आणि दिव्याचा उजेड तिरपा पडेल असे पाहा. जेथे भिंत तेलकट तपकिरी चमकते, तेथे लाख आहे. जेथे ती चमकत नाही आणि रंग मातीसारखा शांत दिसतो, तेथे बहुधा मूळ चित्रकाराचा हात आपल्यासमोर उघडा आहे. बोट मात्र लावू नका, बरे का.