रेघांमधली फट

संपादकांनी डिजिटल चित्रकथेवर लिहायला सांगितलं, तेव्हा पहिलं नाव आठवलं ते दाविद रव्वाचं. फ्रान्समधला हा चित्रकार २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा काढतोय. पेपर ही उचापतखोर छोटी चेटकीण आणि कॅरट हा तिचा नारिंगी बोका. गोष्टी गोड आहेत, पण मला ओढ लागली ती त्यांच्या मूळ फायलींची. त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. क्रिटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पान उघडायचं आणि एकेक लेयर बंद करत जायचं. रंग गेले की उघडी रेघ दिसते, हात कुठे ठाम पडला आणि कुठे निसटला तेही दिसतं. संवादांचे फुगे इंकस्केप या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या वेगळ्या फायलींत असतात, त्यामुळे चित्राला धक्का न लावता भाषा बदलता येते. आजवर पन्नासहून अधिक भाषांत भाषांतरं झाली, ती वाचकांनीच केली.

ही चित्रकथा सुरू करण्याआधी रव्वाने ब्लेंडर फाउंडेशनच्या ‘सिंटेल’ (२०१०) या लघुपटाचं कलादिग्दर्शन केलं होतं. चित्रकथेचा खर्च वाचकांच्या वर्गणीतून निघतो. २०१६ मध्ये ग्लेना या मोठ्या प्रकाशनाने तिचं पुस्तकही काढलं.

त्याचे सुरुवातीचे भाग पाहिले तर रंगावर रंग चढवत चित्र घडवलेलं दिसतं. देखणं, पण वेळखाऊ काम. नंतर शाईची रेघ पुढे आली आणि रंग तिच्या आत गेला. इथेच एक जुना, चिवट त्रास उभा राहतो. जिवंत हाताची रेघ कधी पूर्ण मिटत नाही. बाहीची रेघ मनगटाच्या जरा अलीकडेच थांबते. वाचकाचा डोळा ती फट आपणच भरून घेतो, पण सॉफ्टवेअरमधल्या बादलीने, म्हणजे बंद भाग एका फटक्यात भरणाऱ्या साधनाने, रंग ओतला की तो त्या फटीतून वाहतो आणि सगळं आकाश बाहीच्या रंगाचं होतं. मग चित्रकार फटी शोधत बसतो, नाहीतर भीतीपोटी रेघ बंदिस्त काढायला लागतो. दुसरं मला जास्त वाईट वाटतं. रेघेचा श्वासच त्यात जातो.

काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यावर उपाय शोधला. त्यांच्या २०१८ च्या शोधनिबंधावर सहलेखक म्हणून रव्वाचंही नाव आहे. प्रोग्रॅम आधी रेघांची टोकं हुडकतो आणि त्यांची दिशा पाहतो. एकमेकांकडे पाहणारी जवळची टोकं तो वक्राने किंवा सरळ रेषेने जोडतो. हे जोड फक्त रंगाला अडवतात, चित्रात उमटत नाहीत. मग चित्रकाराने इथेतिथे रंगाचे ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपका आपापल्या हद्दीपर्यंत पसरतो. जी’मिक या साधनात ही सोय आली. २०१९ मध्ये गिंप या चित्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या बादलीलाही तिच्यावर बेतलेली जोड मिळाली. एका चित्रकाराच्या टेबलावरची अडचण सुटली आणि तिचं उत्तर सगळ्यांच्या हाती पडलं. रव्वाच्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पण हा मोकळेपणा त्याला महागही पडतो. त्याचा परवाना सांगतो: घ्या, बदला, विका, फक्त नाव द्या. त्याने मांजरांचे चेहरे आपोआप जुळवणारं एक छोटं साधन केलं होतं. २०२१ मध्ये कुणीतरी त्यातली चित्रं एनएफटी, म्हणजे डिजिटल मालकीचे दाखले, म्हणून विकायला काढली. ती घेऊ नका, असं रव्वाला जाहीर सांगावं लागलं. आता चित्रं बनवणारी यंत्रं तर लाखो चित्रकारांची कामं एकत्र गिळतात. त्यातून जे बाहेर येतं त्यावर नाव तरी कुणाचं घालायचं? ज्याने एवढी एकच अट ठेवली होती, त्याची तीच अट मोडते.

त्यात हत्यारांची रोजची काळजी वेगळी. रव्वा ज्यावर काम करतो ती लिनक्सची दुनिया पडदा आणि पेन सांभाळणारी एक्स११ ही जुनी व्यवस्था सोडून वेलँड या नव्या व्यवस्थेकडे चालली आहे. ग्राफिक टॅबलेटचं पेन आणि पडद्यावरच्या रंगांची अचूकता यांवर ज्याचं पोट आहे, त्याला हा बदल परवडेलच असं नाही. म्हणून २०२४ मध्ये रव्वा डेबियन १२ या लिनक्सच्या आवृत्तीवर गेला. तिथे एक्स११ अजून शाबूत आहे. पण तीही मुदतीचीच सोय. ती संपेपर्यंत वेलँडवर पेन नीट चाललं नाही, तर त्याला पुन्हा नवी वाट शोधावी लागेल.