खाकीची पदवी

शिरोड्याच्या मुलाला किंवा मुलीला पोलिसांत जायचं असेल तर वाटा दोन. पहिली बारावीवरून निघते आणि ओरोसला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर पोचते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, मग १०० मीटर आणि गोळाफेक, असे एकूण ५० गुण; तिथे निभावलं तर पुढे १०० गुणांची लेखी परीक्षा. वेळागरच्या वाळूत पहाटे घाम गाळणारी पोरं बहुधा याच वाटेवरची. दुसरी वाट पदवीवरून जाते. वेंगुर्ल्याच्या खर्डेकर महाविद्यालयात किंवा सावंतवाडीच्या पंचम खेमराजमध्ये बीए, बीकॉम, बीएस्सी, काय हवं ते करावं, एमपीएससी द्यावी आणि उपनिरीक्षक म्हणून प्रशिक्षणासाठी नाशिक गाठावं. "आदी डिग्री कर, मगे बगूया," हा घरोघरचा सल्ला तसा चुकीचा नाही. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

चालते खरी, पण कामाला किती येते? तीन वर्षं वनस्पतिशास्त्र किंवा हिशेबशास्त्र शिकलेला तरुण नाशिकला पोचतो तेव्हा कायदा, तपास, हत्यारं आणि कवायत या सगळ्यांची मुळाक्षरं तिथे गिरवतो. पदवी हे दाराशी दाखवायचं तिकीट. आत शिरल्यावर ते कुणी पुन्हा विचारत नाही.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी मात्र या दोन्ही वाटांपेक्षा जुनी आहे. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस आयोगानं १९०२-०३ मध्ये देशभरच्या पोलिसांची झाडाझडती घेतली. शिकलेल्या तरुणांना थेट फौजदार म्हणून घ्यावं आणि प्रत्येक प्रांतात त्यांच्यासाठी प्रशिक्षण शाळा काढावी, असं आयोगानं सुचवलं. त्यानुसार १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला शाळा सुरू झाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला हलली. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, त्या काळात मुंबई इलाख्याचे फौजदार याच शाळेत घडत होते. आज त्याच गावच्या घरांतून नाशिकची स्वप्नं पाहिली जातात, हा काळाचा महिमा.

अकादमी म्हटलं की लोकांना दिसतो तो दीक्षान्त संचलनाचा दिमाख आणि सर्वोत्कृष्ट प्रशिक्षणार्थीला मिळणारी मानाची रिव्हॉल्व्हर. खरा कस लागतो तो पंचनाम्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तेव्हापासून झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी येणं अपेक्षित आहे. ही सोय उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

एक मोबाइल जप्त करायचा म्हटलं तरी काय काय येतं पाहा. पंच हवेत, चित्रण हवं, सील हवं. त्यातला मजकूर कोर्टात पुरावा म्हणून टिकवायचा तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र हवं आणि त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवलेली हवी. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो, म्हणून छेडछाड लपत नाही. हे ज्याला कळलं नाही त्याचा आरोपी तपासात सापडतो आणि खटल्यात सुटतो. हा विषय तीन वर्षांच्या पदवीत का बसू नये, याचं पटणारं उत्तर सापडत नाही.

पदवी आणि प्रशिक्षण एकत्र बांधण्याची युक्ती आपल्याकडे नवी नाही. खडकवासल्याला ती रोज चालते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर गेलेला छात्र कवायत करता करताच शिकतो आणि तीन वर्षांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो. ३० मे २०२५ रोजी तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. सैन्याला जे जमतं ते पोलिसांना न जमण्याचं कारण नाही.

पोलिसांपुरता जवळचा प्रयत्न गुजरातेत झाला. २००९ साली राज्यानं स्थापन केलेलं रक्षा शक्ती विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झालं. गांधीनगरजवळ लवाडला त्याचा मुख्य परिसर आहे. अंतर्गत सुरक्षा, पोलीस प्रशासन, न्यायवैद्यक, सायबर सुरक्षा असे विषय तिथे शिकवले जातात. पण इथे एक मेख आहे. ही पदवी घेतलेल्यालाही महाराष्ट्रात उपनिरीक्षक व्हायचं तर एमपीएससीच्याच रांगेत उभं राहावं लागतं, वनस्पतिशास्त्रवाल्याच्या शेजारी. नोकरीशी जोडलेली नसेल तर अशी पदवी निम्मीच.

जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात ती पूर्ण जोडलेली आहे. तिथे भरती आधी, पदवी नंतर. तीन वर्षं वर्ग, प्रशिक्षण केंद्र आणि पोलीस ठाणं अशी आळीपाळीनं फिरती, आणि हातात पगार. नॉर्वेतही पोलीस होणं म्हणजे तीन वर्षांची पदवी, त्यातलं दुसरं वर्ष प्रत्यक्ष पोलीस जिल्ह्यात. इंग्लंडनंही भरतीला पदवी जोडून पाहिली, पण सगळ्यांनाच पदवीच्या साच्यात घालणं पटेना, म्हणून २०२४ मध्ये बिनपदवीची वाट पुन्हा उघडली. अनुभवी हवालदाराची नजर पुस्तकातून येत नाही हे खरंच. पण हॅश व्हॅल्यूही नुसत्या नजरेनं कळत नाही.

महाराष्ट्रात पदवी आणि प्रशिक्षण जुळवायला लागणारं सामान हाताशी आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्गाबाहेरच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक देता येतात. ते वापरायचे की नाही, एवढाच निर्णय बाकी आहे.

तोवर शिरोडा, आरोंदा, रेडीकडच्या पालकांना एक सांगणं. भरतीपूर्व सराव करून घेणाऱ्या खासगी संस्थाही नावात अकादमी लावतात, आणि त्यांत चांगल्याही असतात. पण कुणी 'पोलीस प्रशिक्षणासह पदवी' देऊ केली, तर पैसे भरण्याआधी ती पदवी कोणत्या विद्यापीठाची हे विचारा आणि त्या विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः शोधा. मग दुसरा प्रश्न विचारा: या पदवीनं भरतीत नेमकी कोणती सवलत मिळते? उत्तर लेखी मागा.