तुतीची साल आणि तिळाची काजळी

रामनगरजवळच्या एका रेशीम शेतकऱ्याच्या घरामागे तुतीच्या काटक्यांचा ढीग पडलेला असतो. अळ्यांनी पाला खाल्ला की उरलेल्या काटक्या चुलीत जातात. रामनगर म्हणजे कोषांच्या बाजाराचं गाव, बंगळूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. मी दोन भारे बांधत होते, तेव्हा घरच्या बाईंनी कन्नडमधून विचारलं, ‘‘अक्का, एवढ्या कड्ड्या नेऊन करणार काय?’’ कड्डी म्हणजे काटकी. मी म्हटलं, ‘‘कागद.’’ त्यांनी एक काटकी उचलली, नखाने साल सोडवली आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिली. ती तुटली नाही. ‘‘होईल,’’ म्हणाल्या.

या खटाटोपाचं मूळ रविकुमार काशी यांच्या कामात आहे. बंगळूरचे हे चित्रकार २००१ साली ग्लासगोच्या कलाशाळेत हातकागद शिकले आणि २००९ मध्ये कोरियातल्या जांग जी बांग इथे ‘हांजी’ हा तिथला पारंपरिक कागद. त्यांच्या कामात कागद चित्राच्या पाठीमागे मुकाट पडून राहत नाही. लगद्याच्याच रेषा होतात, त्या अक्षरांसारख्या एकमेकींत गुंततात आणि वाचायला जावं तर निसटतात. ते पाहिल्यापासून दुकानातल्या कागदावर शाई टेकवताना माझा हात अडखळू लागला. ज्यावर मी लिहिते, त्याची मला काहीच ओळख नव्हती.

हांजी ज्या झाडाच्या सालीपासून करतात, ते आपल्या तुतीच्याच कुळातलं. म्हणून रामनगर.

काटक्या रात्रभर भिजवल्या की साल सुटते. वरचं काळपट टरफल बोथट सुरीने खरवडून काढायचं आणि आतला पांढुरका पापुद्रा ठेवायचा. दोन भाऱ्यांतून हाती येतो तो ओंजळभर. तो धुण्याच्या सोड्यात तीन तास उकळते. तंतूंना चिकटवून ठेवणारा भाग सोड्यात विरघळतो, तंतू मात्र शाबूत राहतात. चिमटीत धरून आडवी ओढल्यावर साल जाळीसारखी उलगडली, की शिजली. मग निवळ पाणी येईपर्यंत धुणं आणि टरफलाचा एकेक काळा कण वेचणं. तांदूळ निवडायची सवय इथे उपयोगी पडते.

त्यानंतर कुटणं. मिक्सरमध्ये तंतू तुटून आखूड होतात, म्हणून गच्चीतल्या दगडावर ठेवून लाकडी धोपाटण्याने तासभर बडवते. बडवल्याने तंतू चपटे होतात, त्यांना बारीक झिरमिळ्या फुटतात आणि पाणी उडून जाताना त्या झिरमिळ्याच एकमेकींना घट्ट धरतात. चिमूटभर लगदा ग्लासभर पाण्यात हलवून पाहायचा. ढगासारखा पसरला तर झाला, गुठळी दिसली तर पुन्हा दगडावर.

टबातल्या पाण्यात हा लगदा सोडला की तो लगेच तळाशी बसू पाहतो. कोरियात त्यासाठी भेंडीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. मी भेंडीच चिरून भिजत घालते. त्या पाण्याने तंतू तरंगत राहतात आणि चौकटीच्या जाळीतून पाणी सावकाश गळतं. तेवढ्या वेळात चौकट मागेपुढे, मग डावीउजवीकडे झुलवायची. तंतू दोन्ही दिशांना पसरले तरच कागद दोन्ही बाजूंनी सारखा ताण सोसतो. पाणी गळून गेलं, की जाळीवर दुधावरच्या सायीसारखा ओला थर उरतो. तो कापडावर उलटवून, दाबून, फळीवर चिकटवायचा. जुलैच्या भुरभुर पावसात आमच्या गच्चीच्या आडोशाला तो वाळायला दोन दिवस घेतो.

माझा पहिला कागद मी असाच, कोरा, शाईखाली घेतला. बोरू टेकवला आणि काना पसरून सुरवंट झाला. लगदा उत्तम होता, खळ राहिली होती.

खळ म्हणजे तांदळाची पातळ पेज. ती कागदाला पाजायची, वाळवायची आणि गुळगुळीत दगडाने कागद चकाकेपर्यंत घोटायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला, पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्यात पिढ्यानपिढ्या कागद करणाऱ्यांची वस्ती होती. बोरूचं टोक न अडखळता पळावं, तर कागद घोटलेलाच हवा. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे आणि त्यात देशोदेशीचे बोरू आणण्यापासून त्यांची टोकं तोडण्यापर्यंतचं सांगितलं आहे. अक्षराआधीच्या या कष्टांना त्यांनी किती मान दिला होता, ते दगड घासताना खांद्याला कळतं.

शाईची काजळी तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी वाटी पालथी घालून धरते. एका रात्रीत जेमतेम चिमूटभर मिळते. ती इतकी हलकी, की श्वासाने उडते आणि पाण्यात मिसळायला तयार नसते. आधी बाभळीच्या डिंकाच्या दाट पाण्यात तिला बोटाने भिजवून वश करावं लागतं, मग खलात घोटावं लागतं. जितकं घोटावं तितका काळा रंग खोल होतो. हिरडा आणि हिराकसाची शाई तंतूंत मुरते, पण काळ गेला की कागदालाच खाऊ लागते. काजळी कागदाला असा त्रास देत नाही, उजेडाने विटतही नाही.

हल्ली मी अर्ध्याच कागदाला खळ देते. मग कुंचला एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढते. खळ असेल तिथे रेषेची कड सुरीसारखी राहते. खळ संपते तिथे शाई तुतीच्या तंतूंची वाट धरून आत शिरते, दोन्ही बाजूंना केसांसारखे फाटे फुटतात आणि काटकीत दडलेली सालीची वीण काळ्या रंगात वर येते. शाईला कुठे थोपवायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, एवढंच ठरवणं माझ्या हातात असतं. आणि तेही शाई हातात घेण्याच्या कितीतरी आधी, पेजेच्या वाटीपाशी ठरवावं लागतं.

गेल्या खेपेला असा एक कागद रामनगरच्या त्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला. शाईकडे फारसं पाहिलं नाही. कडेला टरफलाचा एक तपकिरी कण माझ्या नजरेतून सुटला होता, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘ही आमची कड्डी.’’