रेकॉर्ड प्लेयर जोडला, मग आवाज इतका बारीक का?

समजा, फुलसावंगीतल्या घरी माळ्यावरच्या एलपी खाली काढल्या, ऑनलाइन मागवलेला टर्नटेबल थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि आवाज आला डास गुणगुणावा तसा. प्लेयर परत पाठवायची घाई नको. सुईमागच्या साध्या कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट सिग्नल निघतो. शिवाय एलपी कापतानाच बास कमी, ट्रेबल जास्त ठेवतात. नाहीतर बासच्या रुंद खाचांमुळे एका बाजूवर वीसेक मिनिटं मावलीच नसती. सिग्नल वाढवून हा तोल पूर्ववत करतो तो फोनो प्रीअ‍ॅम्प. टर्नटेबलच्या मागे ‘फोनो/लाइन’ बटण असेल तर तो आतच आहे, ‘लाइन’वर ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ इनपुट असेल तरी वेगळा घ्यायला नको. दोन्ही एकदम मात्र लावू नका, आवाज फाटतो. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ च्या तबकड्यांना एलपीची सुई चालत नाही; त्यांच्या खाचा रुंद, त्यांना जाड सुईच लागते.